लाल ठिपका काय सांगत नाही

शनिवारची सकाळ. रात्रभर पाऊस पडलाय आणि ग्रुपवर नदीत पोहायला जायचं ठरतंय. कुणीतरी सांडपाण्याचा नकाशा टाकतं. "आपल्या इथला ठिपका लाल नाहीये ना? मग चला." इंग्लंडमध्ये राहत असाल तर हे संभाषण तुम्ही ऐकलं असेल, कदाचित केलंही असेल. आजची तक्रार त्या नकाशाबद्दल आहे. नकाशा उपयोगी आहे, तो असायलाच हवा. पण आपण त्याच्याकडे ज्या प्रश्नाचं उत्तर मागतो, ते त्याच्याकडे नाहीच.

आधी जमिनीखाली काय आहे ते बघू. मुंबईत मैल्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि पावसाचे नाले वेगळे. तिथलं दुखणं हे की मैला नाल्यात शिरतो. इथल्या जुन्या शहरांत उलटं आहे. संडासाचं, मोरीचं आणि छपरावरून आलेलं पावसाचं पाणी एकाच नळातून जातं. १८५८ च्या 'ग्रेट स्टिंक'नंतर जोसेफ बॅझलगेटने लंडनसाठी उभारलेलं जाळंही असंच. मोठा पाऊस आला की नळ भरतो, आणि पाण्याला बाहेर वाट दिली नाही तर ते लोकांच्या घरात वर येतं. म्हणून नदीकडे उघडणारी तोंडं ठेवलेली असतात, त्यांना म्हणतात स्टॉर्म ओव्हरफ्लो. इंग्लंडमध्ये अशी १४ हजारांहून अधिक आहेत. ती चोरून बसवलेली नाहीत, एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या परवानगीने चालतात.

त्या परवानगीत अटी असतात. उदाहरणार्थ, मलशुद्धीकरण केंद्राने दर सेकंदाला अमुक लिटर पाण्यावर पूर्ण प्रक्रिया केलीच पाहिजे. तेवढं चालू असताना पावसामुळे त्याहून जास्त पाणी आलं, तरच ते नदीत सोडता येतं. सन २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने व्हिटबर्न आणि लंडनच्या खटल्यात ब्रिटनला हेच सुनावलं होतं: असं पाणी सोडणं हा अपवाद आहे, रोजची व्यवस्था नव्हे.

आता नकाशाकडे वळू. २०२१ च्या एन्व्हायर्नमेंट ॲक्टमुळे १ जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना प्रत्येक ओव्हरफ्लोची माहिती तासाभरात जाहीर करावी लागते. कुठे सुरू झाला, कधी सुरू झाला, कधी थांबला, इतकंच. किती पाणी गेलं, हे कायदा विचारतच नाही. म्हणजे दहा तास थेंबथेंब गळणारा नळ नकाशावर दहापट वाईट दिसतो, आणि तासाभरात धो धो ओतणारा सज्जन ठरतो.

हेच बातम्यांत होतं. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये साडेसतरा लाख तास पाणी सोडलं गेलं, २०२३ मध्ये ३६ लाख तास. दुप्पट! पण २०२२ हे दुष्काळाचं वर्ष होतं, आणि तेव्हा सगळ्या तोंडांवर मोजणी यंत्रंही बसलेली नव्हती. हा आकडा कंपन्यांना निर्दोष ठरवत नाही, पण एका वर्षात त्या दुप्पट बिघडल्या हेही सिद्ध करत नाही. आपण मात्र तो आकडा शेअर करून मोकळे होतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. लाल ठिपका कायदेशीर होता की बेकायदेशीर, हे नकाशावर कळत नाही. ते ठरवायला त्या वेळी केंद्र किती पाण्यावर प्रक्रिया करत होतं आणि पाऊस किती पडला होता, हे हवं. शिवाय ही सगळी माहिती देणार कोण? कंपनीच. सदर्न वॉटरने आपल्या मलशुद्धीकरण केंद्रांच्या कामगिरीची चुकीची माहिती जाणूनबुजून दिली, असं ऑफवॉटने २०१९ मध्ये जाहीर केलं. पुढे २०२१ मध्ये ५१ गुन्हे कबूल केल्यावर न्यायालयाने त्याच कंपनीला ९ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. विद्यार्थ्याने स्वतःचा पेपर स्वतःच तपासावा, तशी ही गत.

पेपर दुसऱ्या कुणी तपासला तर काय सापडतं, तेही बघा. विंडरश नदीकाठी राहणारे निवृत्त प्राध्यापक पीटर हॅमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन केंद्रांच्या प्रवाहाच्या नोंदी घेतल्या आणि संगणकाला नेहमीचा प्रवाह व ओव्हरफ्लो चालू असतानाचा प्रवाह यांतला फरक ओळखायला शिकवलं. आधी कुठेही नोंद नसलेले ९२६ प्रसंग सापडले. २०२१ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हे काम ठिपके मोजून झालं नसतं.

"पण लोक सिंकमध्ये तेल ओततात त्याचं काय?" बरोबर आहे. फोडणीचं उरलेलं तेल, वेट वाइप्स यांनी नळ तुंबतात आणि मग पाऊस नसतानाही घाण बाहेर येते. गटार तुंबेल असं काही त्यात टाकायला कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा तेल डब्यात गोळा करा, यात वाद नाही. पण पावसाचं पाणी मैल्याच्या नळात का शिरतं, हा प्रश्न तेलाच्या डब्याने सुटत नाही. वेल्समध्ये जानेवारी २०१९ पासून बहुतेक नव्या बांधकामांना पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचा किंवा साठवण्याचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. ज्या २०१० च्या कायद्यातून ही सक्ती आली, तो इंग्लंडलाही लागू आहे, पण त्याचं तेच परिशिष्ट इंग्लंडमध्ये अमलात आणलेलं नाही. नकाशावर याला ठिपका नाही.

मग शनिवारी काय करायचं? ठिपका लाल असेल तर जाऊ नका. नसेल तर लगेच निर्धास्तही होऊ नका. वरच्या गावात रात्री सोडलेलं पाणी सकाळी तुमच्यापर्यंत येत असतं, आणि नदीकाठच्या बहुतेक केंद्रांतून बाहेर पडणारं प्रक्रिया केलेलं पाणीही निर्जंतुक केलेलं नसतं.

आणि राग आला असेल तर त्याचा उपयोग करा. पर्यावरणविषयक माहिती मागण्याचा हक्क २००४ च्या नियमांनी दिलेला आहे. पाणी कंपन्यांनाही तो लागू आहे आणि त्यासाठी ब्रिटिश नागरिक असावं लागत नाही. स्टुडंट व्हिसावर असलात तरी चालतं. तुमच्या जवळच्या केंद्राचं परमिट आणि त्याच्या प्रवाहाच्या नोंदी मागा. साधारण २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग त्या लाल ठिपक्याच्या वेळी केंद्र ठरलेले लिटर घेत होतं का, हे तुम्हीच पडताळून बघा.