न्यूट्रॉन-स्रोत म्हणून अणुभट्टी : एका युक्तिवादाची चिकित्सा

संशोधन-अणुभट्ट्यांचे समर्थन करताना तीन भिन्न विधाने सहसा एकत्र गुंफली जातात. पदार्थरचनेच्या अभ्यासास न्यूट्रॉन अपरिहार्य आहे, हे पहिले; न्यूट्रॉन मिळविण्याचे उत्तम साधन अणुभट्टी होय, हे दुसरे; आणि म्हणून अमुक एक अणुभट्टी विज्ञानासाठी उभारणे योग्य ठरते, हे तिसरे. पहिल्या विधानाचे बळ तिसऱ्यास आपोआप लाभते, असे गृहीत धरले जाते. युक्तिवाद दुबळा होतो तो येथेच. म्हणून ही विधाने पृथक् तपासणे इष्ट होय.

पहिल्या विधानाविषयी शंकेस फारशी जागा नाही. १.८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या न्यूट्रॉनची ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. त्याच तरंगलांबीच्या क्ष-किरणाची सुमारे ७,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. स्फटिकातील अणूंच्या कंपनांची ऊर्जा पहिल्या आकड्याच्या जवळपास असल्याने न्यूट्रॉनच्या ऊर्जेत पडणारा फरक सहज मोजता येतो. जड मूलद्रव्यांच्या सान्निध्यात क्ष-किरणांना जवळजवळ न दिसणारा हायड्रोजन न्यूट्रॉनला स्पष्ट दिसतो. शिवाय न्यूट्रॉनला स्वतःचे चुंबकीय आघूर्ण असल्यामुळे पदार्थातील चुंबकीय रचनाही त्याच्याद्वारे उलगडते. शल आणि ब्रॉकहाऊस यांना १९९४ साली मिळालेले नोबेल पारितोषिक याच कार्याचे होते. ब्रॉकहाऊस यांच्यासमवेत कॅनडात काम करून परतलेल्या पी. के. अय्यंगार यांनी ही विद्या ट्रॉम्बे येथे रुजविली.

दुसरे विधान मात्र सशर्त आहे. युरेनियमच्या एका भंजनातून सरासरी सुमारे अडीच न्यूट्रॉन निघतात. त्यांपैकी एक शृंखला चालू ठेवण्यात खर्ची पडतो, काही शोषले जातात, आणि प्रयोगासाठी जेमतेम एक उरतो. त्याच्यासोबत सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी उष्णता निर्माण होते व ती काढून घ्यावी लागते. वेगवान प्रोटॉनांच्या आघाताने जड धातूतून न्यूट्रॉन उडविण्याच्या पद्धतीत प्रत्येक न्यूट्रॉनमागे याहून कितीतरी कमी उष्णता पडते. तथापि ती यंत्रे बहुधा स्पंदरूपाने चालतात. अखंड व स्थिर प्रवाह, दीर्घकाळचे प्रारण आणि समस्थानिकांची निर्मिती यांसाठी अणुभट्टीचे श्रेष्ठत्व अद्याप टिकून आहे. सारांश, अणुभट्टी उत्तम खरी, परंतु विशिष्ट कामांपुरती.

तिसऱ्या विधानाची कसोटी ट्रॉम्बेच्या इतिहासात पाहावयास मिळते. १९६० साली कार्यान्वित झालेल्या सायरस अणुभट्टीची शक्ती ४० मेगावॅट होती आणि तिचा कमाल औष्णिक न्यूट्रॉन-अभिवाह दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदास सुमारे ६.५ × १०¹³ इतका होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या अप्सरा-यू या अणुभट्टीची शक्ती अवघी २ मेगावॅट असून तिचा कमाल अभिवाह सुमारे ६.१ × १०¹³ आहे. शक्ती विसावा हिस्सा आणि अभिवाह जवळजवळ तितकाच! कारण उघड आहे. अभिवाह एकूण शक्तीवर नव्हे, तर गाभ्यातील शक्तीच्या घनतेवर अवलंबून असतो, आणि अल्पसमृद्ध इंधनाचा आटोपशीर गाभा ती घनता साधतो.

ही तुलना अर्थात सर्वस्वी न्याय्य नाही. दोन अभिकल्पांमध्ये अर्धशतकाचे अंतर आहे. सायरसला नैसर्गिक युरेनियम पुरत असे, आणि तिच्या विस्तीर्ण गाभ्यात अधिक नमुन्यांना जागा मिळे. परंतु नैसर्गिक युरेनियमच्या याच मोठ्या गाभ्यात प्लुटोनियमही तयार होते. पोखरण येथील १९७४ च्या स्फोटाचे प्लुटोनियम सायरसमधूनच आले होते. तेव्हा ४० मेगावॅटचे सगळे समर्थन न्यूट्रॉन-विज्ञानाच्या खाती मांडणे सत्यास धरून होणार नाही. त्या निर्णयामागील अन्य प्रयोजने योग्य होती की अयोग्य, हा निराळा वाद आहे; त्याचा निकाल त्याच्या स्वतःच्या गुणदोषांवर लागला पाहिजे. विज्ञानाला त्यासाठी पुढे करणे म्हणजे विज्ञानाचीच पत घालविणे होय.

सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. १९८५ साली प्रथम क्रांतिक झालेली १०० मेगावॅटची ध्रुव १.८ × १०¹⁴ इतका अभिवाह देते, आणि देशातील न्यूट्रॉन-शलाकांच्या संशोधनाचा मुख्य भार तिच्यावर आहे. विद्यापीठांतील संशोधकांनाही तेथे प्रयोग करता येतात. ग्रेनोबल येथील अणुभट्टीचा अभिवाह याच्या सुमारे आठपट आहे. अधिक प्रखर स्रोताची मागणी म्हणूनच रास्त ठरते. मात्र ती मांडताना मेगावॅटचा आकडा पुढे करून भागणार नाही. नमुन्यावर किती न्यूट्रॉन पडतात, वर्षाकाठी किती दिवस पडतात आणि ते किती अभ्यासकांच्या वाट्यास येतात, या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा युक्तिवादच खऱ्या अर्थाने वैज्ञानिक म्हणता येईल.