कालचे गाणे, आजचे गाणे

रायपुरात मैफल संपली, की श्रोते चपला शोधता शोधताच निकाल देतात : “बुवा आज रंगले नाहीत.” बदलीच्या गावी वर्षाकाठी एखाददुसरी मैफल वाट्यास येते, म्हणून एका सायंकाळीवरून गवयाची सारी योग्यता ठरविण्याचा मोह होतो. हा निकाल आम्हांस घाईचा वाटतो.

हवा पालटली, की मिरजेच्या उत्तम तंबोऱ्याचीही जुळणी ढळते. येथल्या पावसाळ्यात तबल्याची पुडी सैलावते व स्वर उतरतो. मे महिन्याच्या कोरड्या उष्म्यात ती ताणते व स्वर चढतो. तबलजी हातोडी घेऊन बसतो आणि गायकाचे चित्त रागावरून उडते. त्यात रात्रीचा प्रवास, अपुरी झोप, अनोळखी साथ आणि उशिरा येणारे आम्ही श्रोते!

तथापि सारा दोष हवेवर ढकलणे हीही समीक्षा नव्हे. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला राहावयास गेले. काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते. पुढे ते मैफलीत परतले ते नवा विचार घेऊनच. आवाजाची तकाकी दिवसागणिक पालटते. रागाची समज, लयीची जाण व तालमीचा संस्कार सहसा पालटत नाहीत.

किंबहुना प्रतिकूल दिवशीच ही शिदोरी उघडी पडते. म्हणून निकाल देण्यापूर्वी आज काय बिघडले हे पाहावे, आणि बिघडूनही काय टिकले हे त्याहून बारकाईने पाहावे, असे आम्हांस वाटते.