रविंदर रेड्डी यांची मस्तकशिल्पे : काही विचार

समकालीन भारतीय शिल्पकलेत जी. रविंदर रेड्डी यांचे काम दुरूनही ओळखू येते. स्त्रीचे प्रचंड मस्तक, सोनेरी, लाल किंवा निळी कांती, काजळ रेखलेले विस्फारलेले डोळे, लाल ओठ आणि मागे फुलांनी मढवलेला अंबाडा. रेड्डी यांचा जन्म १९५६ चा, सूर्यापेटचा. त्याच वर्षी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन तेलंगण आंध्र प्रदेशात आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. म्हणूनच असेल, या चेहऱ्यांची ठेवण आम्हाला परकी वाटत नाही.

बडोद्याला व पुढे लंडनला शिकून रेड्डी विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात अध्यापक झाले. पाश्चात्त्य आधुनिकता जवळून पाहिलेला हा कलावंत वळला तो ग्रामदेवतांच्या रंगवलेल्या मूर्तींकडे आणि बाजारातल्या भडक रंगांकडे. माध्यमही बाजारातलेच, फायबरग्लास. मातीत घडवायचे, साचा काढायचा, राळ व काचतंतूंचे थर देऊन पोकळ शिल्प तयार करायचे, वर चकचकीत रंग किंवा सोन्याचा वर्ख. संगमरवराच्या मोहात आधुनिक शिल्पाने सोडून दिलेला रंग लोकपरंपरेने जपला होता. तो रेड्डींनी हक्काने परत आणला.

ही बाई कोण? शीर्षके 'राधा', 'तारा' अशी, म्हणजे देवीचीही आणि शेजारणीचीही. डोळे देवीसारखे सताड उघडे, पण केशरचना आणि गजरा रोजच्या रस्त्यावरच्या कष्टकरी बाईचा. ज्या चेहऱ्याकडे शहरी माणूस ढुंकूनही पाहत नाही, त्याच्याकडे इथे मान वर करून पाहावे लागते. आमच्या मते रेड्डींचे खरे यश हेच.

तरीही एक शंका उरते. रेड्डींनी पूर्णाकृतीही घडवल्या आहेत, परंतु नाव झाले ते या मस्तकांमुळे. आणि मस्तकाला हात नसतात. तिचे श्रम, तिचा थकवा कुठे दिसत नाही, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. सोन्याने मढलेली ही बाई धनिकांच्या दिवाणखान्यात निव्वळ शोभेची वस्तू ठरू शकते. गौरव आणि सजावट यांत अंतर फार थोडे असते.

हा प्रश्न केवळ शिल्पकाराचा नाही. आपल्या कथा-कवितांतली अम्मी आठवून पाहा. तिचे पाणावलेले डोळे, डोक्यावरची ओढणी, ओठांवरची दुआ आपण मोठ्या प्रेमाने रंगवतो. पण विड्या वळणारे, जरी भरणारे तिचे हात त्यात किती वेळा येतात? रेड्डींची शिल्पे पाहताना आपल्या लेखकांनी हा हिशेब मांडावा, असे आम्हाला वाटते.