फाइनमन यांचीं व्याख्यानें : पडद्यावर आणि वर्गांत

पदार्थविज्ञानाचा एक विख्यात ग्रंथ घरोघर विनामूल्य उघडला जाईल असें आमच्या विद्यार्थिदशेंत कोणीं सांगितलें असतें, तर आम्हीं ती थट्टा समजलीं असती. रिचर्ड फाइनमन यांनीं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९६१ ते १९६३ या काळांत पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांपुढें दिलेलीं व्याख्यानें पुढें तीन खंडांत ग्रथित झालीं. तींच २०१३ सालापासून इंटरनेटवर कोणालाहि वाचावयास खुलीं होऊं लागलीं. या आवृत्तीकडे केवळ ग्रंथ म्हणून नव्हे, तर एकंदर ऑनलाइन शिक्षणाची कसोटी म्हणून पाहावें, असें आम्हांस वाटतें.

ग्रंथाचे गुण वादातीत आहेत. पहिल्याच प्रकरणांत फाइनमन पाव इंच रुंदीचा पाण्याचा थेंब घेतात. तो दोन हजार पट वाढविला कीं चाळीस फूट रुंद, म्हणजे मोठ्या दालनाएवढा होतो. पाणी मात्र सलगच दिसतें. आणखी दोन हजार पट वाढविला कीं तो सुमारें पंधरा मैल पसरतो आणि दुरून पाहिलेल्या जनसमुदायाप्रमाणें त्यांत चळवळ दिसूं लागते. अदृश्य वस्तु डोळ्यांपुढें उभी करण्याची ही हातोटी दुर्मिळ होय. गरम सूपावर फुंकर घातली असतां तें कां निवतें, हेंहि त्याच ओघांत उलगडतें.

परंतु ग्रंथकर्त्याचें समाधान झालेलें नाहीं. १९६३ सालच्या प्रस्तावनेंत ते कबूल करतात कीं, विद्यार्थ्यांकडून आपणांस कांहींच प्रतिसाद मिळत नव्हता, आणि उत्तम शिक्षण गुरुशिष्यांच्या प्रत्यक्ष संवादांतच होऊं शकतें. ज्या व्याख्यानांना आज जग आदर्श मानतें, त्यांच्याविषयीं त्यांच्या कर्त्याचाच हा अभिप्राय आहे! आपल्याकडेहि २०१७ सालीं 'स्वयम्' सुरू झालें. उत्तमोत्तम प्राध्यापक खेड्यापर्यंत पोंचले. ही प्रस्तावना त्या योजना चालविणाऱ्यांनीं अवश्य वाचावी.

येथें आमचा एक अनुभव सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. २०२० सालीं महाविद्यालयें बंद असतां खेड्यांतील एका विद्यार्थ्यानें हें प्रकरण मोबाइलवर दोनदां वाचलें व सर्व समजल्याचें आम्हांस कळविलें. आम्हीं फोनवर विचारलें, "तुमच्या घरच्या माठांतील पाणी गार कां होतें?" तो म्हणाला, "सर, बाष्पीभवनानें." "पण जें पाणी मागें राहिलें, तें कां गार व्हावें?" तो गप्प झाला. सूपाचें कारण त्यानें वाचलें होतें. माठ तर रोज त्याच्यासमोर होता. दोहोंची गांठ मात्र पडली नव्हती. चपळ रेणु निसटून जातात, म्हणून राहिलेल्यांची सरासरी गति मंदावते, हें दहा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत त्याचें त्यानेंच शोधलें. त्या वेळचा त्याचा आनंद आम्ही विसरलों नाहीं.

न्याय दोन्ही बाजूंस दिला पाहिजे. तें प्रकरण त्याच्या हातीं आलें नसतें, तर आमच्या प्रश्नास आधारच उरला नसता. आणि त्याच्या गांवीं इतका चांगला ग्रंथ दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें पोंचला नसता. म्हणून पडद्याचा तिरस्कार करणारांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. पण व्याख्यान सुलभ झालें म्हणजे शिक्षण सुलभ झालें, हा समज आम्हांस घातक वाटतो. सुबोध विवेचन वाचतांना आपणांस समजलें असा भास होतो, आणि विवेचन जितकें सुबोध तितका तो भास बळकट. तो मोडावयास विचारणारा कोणी तरी लागतो.

तो नेहमीं प्राध्यापकच असला पाहिजे असें नाहीं. मुलगा पडद्यापुढून उठला कीं, "आज काय पाहिलेंस, तें मला समजावून सांग," असें आईनें वा आजोबांनीं म्हटलें, तरी फाइनमन यांना खटकलेली उणीव थोडी भरून निघेल. ग्रंथ आतां फुकट मिळतो. हा प्रश्न विचारण्यास लागणारी सवड मात्र ज्याची त्यानेंच काढावयाची आहे.