उच्छ्वास: एका बांधकामाचं आणि एका शब्दाचं रसग्रहण

नागपूरच्या धंतोलीत आमच्या गल्लीत एका जुन्या बंगल्याच्या जागी इमारत उभी राहते आहे. परवा सकाळी तिथं दोन मिस्त्री लेव्हल लावत होते. हातात करंगळीएवढी पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एक जण एका खांबापाशी, दुसरा वीस-पंचवीस हातांवर, मध्ये वाळूचा ढीग आणि सळ्यांचा भारा. नळी ढिगावरून चढत होती, पलीकडे खड्ड्यात लोंबत होती. "थोडं वर घे ना भाऊ... हां, आता थांबू दे." पाणी हिंदकळलं आणि दोन्ही टोकांना एकाच उंचीवर निवांत झालं. पेन्सिलीनं खूण करण्याआधी त्यातल्या वयस्क मिस्त्रीनं नळीला दोन टिचक्या मारल्या. "बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी येते," तो म्हणाला.

त्या टिचक्यांनी मला पुण्याच्या कात्रजच्या नळाची आठवण झाली. पाणी दुरून आणण्याची जी बांधकामं महाराष्ट्रात झाली, त्यात मला हा नळ सगळ्यात जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण त्याचा एक अवयव आहे: उच्छ्वास.

1749-50च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगराखाली बांध घालून पाणी अडवलं आणि ते जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पोचवलं. आपण नळ म्हटलं की मनगटाएवढा पाइप डोळ्यांपुढे येतो. हा नळ माणूस आत शिरून चालू शकेल एवढा मोठा, दगड-चुन्यात बांधलेला. वर माती, झाडं, रस्ते आणि खाली वाहतं पाणी. ऊन नाही, धूळ नाही, जनावरांचे पाय नाहीत. वरून चालणाऱ्याला पत्ता लागू नये असं हे काम.

मात्र ठरावीक अंतरांवर या नळानं जमिनीबाहेर डोकं काढलेलं आहे. ते उंच, पोकळ मनोरे म्हणजे उच्छ्वास. नळात पाण्याबरोबर हवा शिरते. ती कोंडली की पाण्याची वाट अडते, आणि कोंडलेला दाब बांधकामाच्या सांध्यांवर येतो. मनोऱ्यातून ती हवा वर निघून जाते. दाब वाढला तर पाणी त्या पोकळीत हवं तितकं चढतं, ओसरला की उतरतं. खाली गाळ बसतो, तो उपसायलाही तीच जागा. म्हणजे उच्छ्वास हे मिस्त्रीच्या नळीचं उघडं टोकच, फक्त विटा-चुन्यातलं. आणि त्यातून जे बाहेर जातं तो त्याचा बुडबुडा.

आता शब्द पाहा. बांधणाऱ्यांना 'हवेचं भोक' म्हणता आलं असतं, 'धुराडं' म्हणता आलं असतं. त्यांनी शरीरातला शब्द उचलला, आणि त्यातही श्वास नाही, उच्छ्वास. आत घेणं नाही, बाहेर सोडणं. काम नेमकं तेच आहे, म्हणून शब्द अलंकार म्हणून चिकटवलेला वाटत नाही. पण तो उच्चारला की सगळा नळ एकदम जिवंत होतो: डोंगरापासून वाड्यापर्यंत जमिनीखाली काहीतरी निजलेलं आहे आणि मधून मधून सुस्कारा सोडतं आहे. मराठीत इतका अचूक आणि इतका काव्यमय तांत्रिक शब्द मला दुसरा ठाऊक नाही.

जगात असं काम म्हटलं की रोमन कमानी दाखवतात. दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराला पाणी नेणारा पों द्यू गार हा तीन मजली पूल खरोखर भव्य आहे. पण त्या कामातलं मला थक्क करणारं सौंदर्य कमानींत नाही, उतारात आहे. सुमारे 50 किलोमीटरची वाट आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर. म्हणजे किलोमीटरमागे वीतभर! उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडतं, कमी झाला तर गाळ धरून बसतं. त्या दोहोंमधली वीत दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी डोंगरदऱ्यांतून राखली. आणि तोही मार्ग बहुतेक जमिनीखालूनच जातो. कमान येते ती मध्ये नदी आडवी आली म्हणून. आपल्या पाटबंधारे खात्यात कालवा ओढ्यावरून नेतात त्याला जलसेतू म्हणतात, तोच हा प्रकार.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत हीच गोष्ट उलट्या अंगानं दिसते. तिथं पाणी हर्सूलच्या बाजूनं, कित्येक किलोमीटर खापरी नळांतून, जमिनीखालून येतं आणि शेवटी एका उंच भिंतीत चढून वरून हौदात कोसळतं. पंप नाही, मोट नाही. पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो, पण पाणी आपल्या उगमाच्या उंचीपेक्षा वर गेलेलं नाही. दोन टोकं सम करण्याचा आपला हट्ट तेवढा त्यानं पुरवून घेतला आहे. त्या पडण्याच्या जोरावर जातं फिरे आणि तिथल्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ निघे. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. भर उन्हाळ्यात त्या दालनात उभं राहावं, म्हणजे थंडावा कशाला म्हणतात ते कळतं.

तरी माझं मन कात्रजकडेच वळतं. पाणचक्की येणाऱ्याला आपलं कसब दाखवते. कात्रजचा नळ कुणाला काही दाखवत नाही, फक्त मधून मधून श्वास सोडतो. 1961 साली पानशेत धरण फुटून पुण्याचा पाणीपुरवठा कोलमडला, तेव्हा याच जुन्या हौदांवर घागरी लागल्या, असं तिथले वडीलधारे सांगतात. दोनशे वर्षांनंतरही वाट मोकळी होती.

आमच्या नागपूरला पाणी पेंचहून येतं. नवेगाव खैरीहून उघड्या कालव्यानं यायचं तेव्हा काही वाटेत जिरायचं, काही उन्हानं उडून जायचं, म्हणून पुढे त्यासाठी मोठी बंद वाहिनी टाकली. बंद वाहिनी आली की हवेचा प्रश्न आलाच. उंचवट्यांवर झडपा बसवाव्या लागतात, त्यातून कोंडलेली हवा फुसफुसत बाहेर पडते. काम तसूभरही बदललेलं नाही. फक्त नाव बदललं: एअर व्हॉल्व्ह.

ज्यांच्या हातात नकाशे आणि निविदा आहेत त्या मराठी अभियंत्यांना माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या नकाशावर त्या जागी 'उच्छ्वास' लिहा.