कँटनी वाक्प्रचारांतील वैरभाव

ग्वांगडुंग प्रांत, हाँगकाँग व मकाव येथे बोलल्या जाणाऱ्या कँटनी भाषेत दोन व्यक्तींमधील बेबनाव सांगणारे अनेक वाक्प्रचार रूढ आहेत. त्या सर्वांना ‘वैर’ हा एकच प्रतिशब्द योजणारा अनुवाद सर्वस्वी चूक ठरणार नाही. परंतु मूळ वाक्प्रचारात गर्भित असलेला निवाडा त्यात लोपतो. वैर कशातून उद्भवले व ते मिटण्याजोगे आहे काय, याविषयीही हे वाक्प्रचार काही सुचवीत असतात.

‘सॉय-खौ-यौ’ म्हणजे पाण्यात घातलेले तेल. येथे दोष कोणाचाच नाही. दोन प्रकृतीच परस्परांत न मिसळणाऱ्या. ‘म-ङाउ-यिन’, अर्थात तार न जुळणे, हाही तसाच निर्दोष विसंवाद होय. मात्र तार पुन्हा लावता येते. ‘फान-मिन’, म्हणजे तोंड उलटणे, ही घटना आहे: असलेला स्नेह तुटला. ‘मिन-चो-चो’ ही त्यानंतरची स्थिती: दोघांची तोंडे दोन दिशांना, आणि तीही चारचौघांना दिसतील अशी. ‘ङा-छी-यन’, म्हणजे दातांचा व्रण, ही पूर्वी झालेल्या इजेची मागे उरलेली खूण होय.

‘मिन-चो-चो’ वाचताना मराठी वाचकास ‘छत्तिसाचा आकडा’ आठवेल, व ते साम्य यथार्थ आहे. दातांच्या बाबतीत मात्र साम्य फसवे ठरते. मराठीत जो ‘दात धरतो’ तो सूड उगविण्याची संधी पाहत असतो; त्याचे लक्ष पुढे घडणाऱ्या गोष्टीकडे असते. कँटनी व्रण मागे घडून गेलेल्या गोष्टीकडे बोट दाखवितो, आणि तो एकाच्या मनात नसून दोघांच्या संबंधात असतो. ‘ङा-छी-यन’ याचे भाषांतर ‘दात धरणे’ असे केल्यास ज्याला चावा बसला तोच चावणारा ठरण्याचा संभव आहे. शब्द जवळचा, पण न्याय उलटा, असा हा प्रकार होय.

नवराबायकोंत ‘काक-ये-सौ’ नसते, असे कँटनीभाषक म्हणतात. या शब्दाचा अर्थ रात्र उलटलेले वैर. उरलेल्या कालवणासही हेच विशेषण लागते. येथे ‘जुने वैर’ म्हणण्यापेक्षा ‘शिळे वैर’ म्हणणारा अनुवादक मुळाशी अधिक प्रामाणिक राहील. कारण जुने ते जपले जाते, शिळे ते टाकून द्यावयाचे असते.