प्रभावी ग्रंथ कोणता?

पुरातत्त्वावरचा एखादा ग्रंथ प्रभावी ठरला, असे कशावरून म्हणायचे? 'सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजी' ही संस्था अभ्यासकांसाठीच्या आणि सर्वसामान्यांसाठीच्या पुस्तकांना वेगवेगळे पुरस्कार देते. मराठीत मात्र एकाच ग्रंथाला ही दोन्ही कामे करावी लागतात.

उदाहरण शहापूर-मुरबाडच्या वाचकाला जवळचेच घेऊ. मुरबाडहून वैशाखऱ्याच्या वाटेने नाणेघाट चढला की माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख दिसतो. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांची त्यात मोजदाद आहे. सिमुक, नागनिका, सातकर्णी यांची नावे भिंतीवर आहेत. पुतळे नाहीसे झाले. वा. वि. मिराशी यांचा 'सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख' (1979) हा ग्रंथ निष्कर्षांबरोबर मूळ लेखही देतो. त्यामुळे वाचकाला मिराशींशी मतभेद करता येतो. हे त्याचे खरे मोठेपण. मात्र त्यांचा भर राजवंश आणि कालनिर्णयावर आहे. ज्या वाटेने व्यापारी चढले ती वाट मागे पडते. दा. ध. कोसंबी यांच्या 'मिथ अँड रिॲलिटी'त (1962) घाटवाटा, लेणी आणि देवीची ठाणी यांचा एकत्र विचार आहे. पण तो इंग्रजीत.

साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांकडे पाहावे. 1955 साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा 'वैदिक संस्कृतीचा विकास', 1966 साली शेजवलकरांचा 'श्रीशिवछत्रपती', 1987 साली रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'. संस्कृती, इतिहास, दैवतविचार यांचा गौरव झाला; शिलालेख किंवा उत्खनन हाच विषय असलेला ग्रंथ त्या यादीत दिसत नाही. अकादमी साहित्याची आहे, हे मान्य. मग या विद्येच्या ग्रंथांची दखल कोणी घ्यायची?

असा पुरस्कार निघालाच, तर तो प्रकाशनानंतर पंचवीस वर्षांनी द्यावा आणि त्याची रक्कम पुनर्मुद्रणाला लावावी. शाल-श्रीफळापेक्षा तालुक्याच्या वाचनालयात आलेली एक प्रत अधिक मोलाची. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा, असे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. "याला पुरावा काय?" असे तिथे उभे राहून विचारण्याचे बळ जो देतो, तो ग्रंथ प्रभावी.